चूल नाही, बंब आहे

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी ऐकू येतं ते एक वाक्य: "पाणी काढलंय." ते माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना मामी म्हणतो. हे वाक्य त्या कुणाचं नाव घेऊन म्हणत नाहीत. न्हाणीच्या दारात उभ्या राहून सगळ्या घराला उद्देशून म्हणतात आणि ज्याची पाळी असेल त्याने उठायचं. दुसऱ्यांदा हाक नसते. दुसऱ्यांदा बादलीवर झाकण ठेवल्याचा आवाज येतो, आणि तो जरा मोठाच असतो.

मामी सिल्लोडच्या. मामा वारल्यावर त्या तिथं एकट्या राहत होत्या. त्यांना शहरात, गारखेड्याला आमच्याकडे आणायचं म्हणून बायको दर सुट्टीत विषय काढायची आणि मामी तो दर सुट्टीत टाळायच्या. लेकीच्या घरी राहणं त्यांना पटत नव्हतं. आमचं लग्न झाल्यावर बरीच वर्षं त्या एका दिवसासाठी आल्या तरी स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायच्या आणि माझ्यासमोर बसून तीच खायच्या. मला ते लागायचं. बायको म्हणायची, लावून घेऊ नका, तिची रीत आहे ती. शेवटी आल्या त्या अट घालूनच.

"बसून खाणार नाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी माझ्याकडं. तेवढं असंल तर येते."

मी हो म्हणालो. टेम्पोतून त्यांच्याबरोबर एक लोखंडी पेटी, गोधड्यांचं गाठोडं आणि तांब्याचा बंब आला.

हल्लीच्या मुलांनी बंब पाहिलेला नसतो म्हणून सांगतो. तांब्याचं उंच पिंप, त्याच्या मधोमध उभी नळी. नळीत वरून जळण टाकायचं, खाली जाळी, जाळीखाली राख. नळीभोवती पाणी तापतं. वरच्या तोंडातून जितकं गार पाणी ओतावं तितकंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं, थेंब कमी नाही की जास्त नाही. मला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली. हिशेब जुळणारी वस्तू मला नेहमीच आवडते.

घरामागच्या बोळात, न्हाणीच्या खिडकीखाली बंब बसला. जळण म्हणून नारळाच्या करवंट्या, औद्योगिक वसाहतीतून भंगारात येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या आणि सिल्लोडहून मामींच्या भावाने पाठवलेली, दाणे काढून घेतलेली मक्याची कणसं. मामी दर आठवड्याला चिंच लावून बंब घासायच्या. तो लखलखायचा आणि बोळातली भिंत मात्र धुराने काळी होत जायची. मामी पदराने डोळे पुसायच्या, सकाळी थोडं खोकायच्याही. बायको डॉक्टरांकडे चल म्हणाली की म्हणायच्या, "धूर मला वळखतो. तुमाला नाय वळखत म्हणून तुमाला खोकला येतो."

आता माझ्या नोकरीबद्दल. मी गॅस पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. शहरात पाइपने गॅस, जिथं पाइप पोचलेला नाही तिथं सिलिंडर. गेली काही वर्षं कंपनीने ठरवलंय की आपल्यामुळे हवेत जाणारे तापमान वाढवणारे वायू कमी करायचे, आणि किती कमी झाले ते दाखवायचं. गॅस विकणाऱ्यांनी असं बोलावं याचं लोकांना हसू येतं. मलाही आधी आलं होतं. पण काम अंगावर पडलं तेव्हा त्यातलं बरंचसं सरळ निघालं. आमचा गॅस न जळता पाइपातून निसटला तर जळलेल्या गॅसपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून आधी गळती शोधायची. माणसं यंत्र घेऊन प्रत्येक सांध्यापाशी जातात, हुंगल्यासारखी नळी फिरवतात, सापडलेली गळती बंद करतात. ती आधी किती होती आणि नंतर किती राहिली हे मोजता येतं. आमच्या गाड्या किती डिझेल पितात, तेही मोजता येतं. अशा आकड्यांवर मी डोळे झाकून सही करतो, म्हणजे दोनदा तपासून करतो.

तिसरा आकडा मात्र मला पहिल्यापासून खटकत होता. गावातल्या माणसाने लाकूड सोडून गॅस घेतला तर लाकडाचा धूर टळला, असं धरून तो टळलेला धूर कंपनीने आपल्या नावावर मांडायचा. गॅसही जळतोच, ते वजा करायचं आणि उरेल ते आपलं. तत्त्व बरोबर आहे. पण न झालेला धूर कोणत्या यंत्राने मोजणार? तिथं लोकांच्या शब्दावरच भिस्त. त्यासाठी एक छापील प्रश्नावली होती आणि तिच्यातला पहिला प्रश्न होता: घरात चूल पेटवता का?

गावांत पाहणी बऱ्यापैकी झाली तेव्हा आमच्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सांगितलं की कर्मचाऱ्यांचीही घरं मोजा, दुसऱ्यांना विचारतो ते आधी आपल्याला विचारायला हवं होतं. माझ्या घरी माझा सहकारी आला. शहरातच वाढलेला, मराठी आणि दख्खनी दोन्ही एकाच वाक्यात बोलणारा, मामींचा लाडका. रविवार होता. मी न्हाणीत होतो. खिडकीखाली बंब धडधडत होता, माझ्या हातात त्याच बंबातल्या पाण्याचा तांब्या होता, आणि पुढच्या दारातलं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"मामी, घरात चूल पेटवता का?"

"नाय बा. चूल कशाला? सगळं गॅसवर हाय."

"कधीच नाही? सणाला वगैरे? पुरणपोळीला?"

"आरं, जावई गॅसच्या कंपनीत आन् मी चूल मांडू व्हय? लोक काय म्हणतील. बस, चहा घे."

मी घाईघाईने अंग पुसून बाहेर आलो, तोवर तो चहा पिऊन, जायची वेळ झाली म्हणून निघूनही गेला होता. सोमवारी कागद माझ्याच टेबलावर तपासायला आले. माझ्या घरापुढे लिहिलेलं होतं: धूरमुक्त.

त्या संध्याकाळी मी मामींना विचारलं, "मामी, तुम्ही त्याला चूल नाही म्हणालात."

"मग? हाय का? दाखवा कुठं हाय."

"अहो, मागे रोज धूर होतो की."

"त्यो बंबाचा."

"बंबात लाकूडच जळतं ना?"

मामींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "जावईबापू, चुलीवर भाकर व्हते. बंबावर व्हते का भाकर? चूल चूल हाय, बंब बंब हाय. तुमच्या कंपनीनं बंबाचं इचारलंच नाय, तर मी कशाला सांगू?"

बायको पोळ्या लाटता लाटता हसत होती. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे दौलताबादकडची गावं होती. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या गावांत मी गेलो होतो. घरोघरी गॅस होता, तरी भिंतींना लाकडं रचलेली होती. मी विचारलं होतं तेव्हा लोक म्हणाले होते, असू द्या, लागतात. आम्ही कागदावर लिहिलं, जुना साठा. कुणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही चुलीचं विचारलं, त्यांनी चुलीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला मी हे सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, हमारे घर में भी है ना. हम हमाम बोलते उसको. मैं खुद के घर का फॉर्म भरा, चूल नहीं लिख के."

मग आम्ही दोघं त्याच गावांत परत गेलो. आता प्रश्न बदलला होता. "बंब आहे का?" घराला दार आहे का असं विचारल्यासारखं एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असंल की. थंडीचं गार पाण्यानं न्हायचं का माणसानं?" म्हणाल्या. मुसलमानांच्या घरात सहकारी "हमाम" म्हणायचा आणि आतून बाई हसून सांगायच्या, हौ, पीछे है, देख लो. जवळजवळ सगळीकडे तेच. स्वयंपाक गॅसवर, न्हाणं लाकडावर.

मी मॅडमना सांगितलं की टळलेल्या धुराचा आकडा आपण फुगवून मांडलाय. त्यांनी विचारलं, किती कमी होईल? मी म्हणालो, तोलल्याशिवाय सांगणार नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तोला," त्या म्हणाल्या. "आज हा आकडा छान दिसतोय. पण पुढच्या वर्षी वरून सांगतील, यापेक्षा जास्त करून दाखवा. जो धूर टळलाच नाही तो मी पुढच्या वर्षी आणखी कुठून टाळणार?"

तोलायला आधी जवळचा बंब घेतला. म्हणजे आमचा. मी हुकाचा काटा विकत आणला आणि रोज सकाळी जळणाची पाटी त्याला अडकवून तोलायला लागलो. मला काहीतरी खूळ लागलंय असं मामींना सुरुवातीला वाटलं असावं. त्या बाजूला उभ्या राहून बघायच्या.

"करवंटी धरली का?"

"धरली."

"आन् ही ढलपी? ही राहिली बघा. लिवा, लिवा, न्हाय तर सरकार बुडंल."

पण दोन-तीन दिवसांतच त्या स्वतः पाटी भरून काट्याखाली ठेवायला लागल्या. जास्त जळण लागलं तर कारण सांगायच्या, आज फळी वलसर होती, आज तुमी लई वेळ न्हालात. बायको म्हणाली, तुम्हा दोघांना एकत्र काम मिळालं हे बरं झालं, आता मला कुणी विचारत नाही. तिच्या बोलण्यात टोमणा होता आणि नव्हताही. खरं तर ते दिवस छान गेले. सासू आणि जावई यांच्यात जो एक परकेपणाचा पडदा असतो, तो त्या काट्याला अडकून जरा बाजूला झाला.

गावांतलेही थोडे बंब तोलले. आकडा खाली आला, चांगलाच खाली. मॅडमनी तो तसाच वर पाठवला. प्रश्नावलीत नवी ओळ आली: पाणी कशावर तापवता? कंसात बंब किंवा हमाम. आणि पुढचं पाऊल म्हणून कंपनीने ठरवलं की ज्या घरांत बंब आहे तिथं गच्चीवर सोलर बसवायचं, म्हणजे उन्हावर पाणी तापवायची टाकी. गॅसचा गीझर बसवला असता तर आमचाच गॅस जास्त खपला असता, हे कुणीतरी बैठकीत बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, खपवायचं वेगळं खातं आहे. पहिली चाचणी कर्मचाऱ्यांच्या घरी. त्यांत जळण तोलून झालेलं घर एकच होतं, तेव्हा आमचा नंबर पहिला.

मी ही बातमी जेवताना आनंदाने सांगितली. धूर जाईल, भिंत काळी होणार नाही, मामींचा खोकला थांबेल, नुसती तोटी फिरवली की ज्याला त्याला हवं तेव्हा गरम पाणी.

"ज्याला त्याला?" मामींनी विचारलं.

"हो. कुणी काढून द्यायलाही नको."

मामींनी ताटातला भात संपवला, ताट उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचं पाणी काढून झाल्यावर त्या पेटी उघडून बसलेल्या दिसल्या. "भावाकडं जाऊन येते," म्हणाल्या. कधी येणार ते सांगितलं नाही. बंब त्यांनी रिकामा करून, घासून, उपडा घालून ठेवला होता. तो तसा ठेवलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

एसटीत बसवून परत आलो तर बायको ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्हाला एवढं सगळं मोजता येतं," ती म्हणाली, "आणि हे नाही कळलं? आई कशाच्या जोरावर इथं राहत होती?"

मला कळलं होतं. त्यांचा उपडा घातलेला बंब मी पाहिला तेव्हाच कळलं होतं. पण कंपनीचं सोलर बसणार होतं, आणि धूर चांगला नव्हताच, तिच्या आईच्या छातीला तर नव्हताच नव्हता. ते मी बायकोलाही म्हणालो. ती म्हणाली, "मी कुठं नाही म्हणतेय. बसवा. पण तिला परत कसं आणायचं ते सांगा."

सोलर बसलं. काम चांगलं होतं. पाणी कढत यायचं, मामींच्या बंबाइतकं. पण त्यात एक गोष्ट होती जी बसवणाऱ्यांनी सांगितली नव्हती. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपात रात्रभर उभं राहिलेलं गार पाणी सकाळी आधी बाहेर येतं, मग गरम. ते गार पाणी सरळ मोरीत जात होतं. आमच्या शहरात नळाला पाणी यायचा दिवस कॅलेंडरवर सणासारखी खूण करून ठेवलेला असतो. त्यात हे रोज वाहून जाणं मला बघवेना. मी बादली लावून पाहिलं. जवळजवळ बादली भरत होती. मग ठरवलं की पहिल्याने उठणाऱ्याने ती भरून ठेवायची आणि भांड्यांना, झाडांना वापरायची. पण पहिल्याने उठणारं कोण ते ठरेना. बायको म्हणाली तुम्ही, मी म्हणालो तू, आणि दोघांचीही आंघोळ उशिरा होऊ लागली. घरात सकाळ होते आहे हे कुणी सांगणारंच नव्हतं.

बायको म्हणाली, "आईला फोन करा आणि हेच सांगा. वाढवून सांगू नका, तुम्हाला जमत नाही."

मी सिल्लोडला फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. भाऊ बरा, मका बरा, तिकडं थंडी. मग मी सोलरचं सांगितलं.

"गरम येतंय का?" मामींनी विचारलं.

"येतं. पण आधी बादलीभर गार येतं."

"मग त्याचं काय करता?"

"वाहून जातं."

"कुठं?"

"मोरीत."

"रोज?" मामी म्हणाल्या.

"रोज."

"बादलीभर पाणी रोज मोरीत. आन् तुमी हिशेबाचं मानूस." त्या भावाला काहीतरी म्हणाल्या, मला नीट ऐकू आलं नाही, पण 'यांना' असा एक शब्द होता आणि तो प्रेमाचा नव्हता. मग पुन्हा फोनवर, "आन् सूर्य नसंल त्या दिवशी काय करायचं ठरवलंय?"

"त्या दिवशी सोलर चालत नाही."

"मग?"

"मग बंबच."

"म्हंजे बंब मोडीत नाय काढला?"

"मामी, तुमचा बंब मी कसा मोडीत काढीन?"

"तसं नाय. कंपनीनं सांगितलं असंल म्हणून इचारलं."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने त्या आल्या. सोबत मक्याच्या कणसांचं पोतं होतं. आल्या आल्या पाणीही न पिता न्हाणीत गेल्या, तोटी उघडली, हात खाली धरून उभ्या राहिल्या. पाणी गारचं कोमट आणि कोमटचं कढत झालं तशा हात मागे घेत गेल्या. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. पर याला मानूस लागतं."

तेव्हापासून आमची व्यवस्था अशी आहे. मामी सगळ्यांच्या आधी उठतात. पाइपातलं गार पाणी एका बादलीत भरून ती बाजूला ठेवतात. ते भांड्यांना जातं, उरलं तर दारातल्या कढीपत्त्याला. मग गरम पाणी दुसऱ्या बादलीत काढून झाकण ठेवतात आणि न्हाणीच्या दारात येऊन म्हणतात, "पाणी काढलंय." तोटी ज्याची त्याला फिरवू देत नाहीत. मी एकदा स्वतःच उघडली तर म्हणाल्या, "तुमच्या हापिसात मी येऊन आकडे लिवते का?" खोकला कमी झालाय. भिंत मी चुन्याने रंगवून घेतली. बंब बोळातच आहे, अजून चिंचेने घासला जातो.

कंपनीच्या कामात अडचण एवढीच आली की पुढच्या पाहणीत माझ्या घरापुढे काय लिहायचं. सहकाऱ्याने कागद पुढे केला. मी लिहिलं: ढगाळ दिवस सोडून, धूरमुक्त.

"सर, इतनी जगह नहीं है. होय या नाही, एकच येतं."

"मग नाही लिही."

"पूरे साल का नाही? इतक्याशा धुरासाठी?"

"जितका होईल तितका मी तोलून देतो. तो वजा कर. पण होय लिहू नको."

तो मॅडमकडे गेला. परत आला तेव्हा मॅडमनी कागदावर एक तिसरा रकाना आखून दिला होता: कधीकधी. तो रकाना आता गावांच्या प्रश्नावलीतही आहे, आणि सहकारी सांगतो की सर्वांत जास्त खुणा त्यातच पडतात.

मार्गशीर्षात एकदा आदल्या दिवसापासूनच आभाळ भरून आलं. असं इथं क्वचित होतं. मी अंथरुणातच होतो. खिडकीतून उजेड नेहमीसारखा येत नव्हता. बोळात पोत्याची दोरी सोडल्याचा, कणसं पाटीत पडल्याचा आवाज आला. पावलंही नेहमीपेक्षा हलकी, घाईची होती. मग मामी दारात आल्या. त्या वेळी त्यांनी घराला उद्देशून हाक मारली नाही, मलाच मारली.

"जावईबापू, आभाळ आलंय. काटा आणा."